वाटणीचे दोन तास

"टाकीत किती उरलंय?" डॉक्टरांनी दारातूनच विचारलं.

"अर्ध्याच्या खाली गेलंय," ती म्हणाली. "आणि टँकरवाला फोन उचलत नाही."

डायलिसिसच्या त्या खोलीत सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. पुरात शहराची मोठी जलवाहिनी फुटली होती. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांचं रक्त धुणारी ही यंत्रं, त्यांना पाणी लागतं ते बदाबदा. त्यात नदीपलीकडचं केंद्र बुडालं आणि तिथले पेशंटही इथेच आले. दुष्काळात तेरावा महिना. सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, चार तासांऐवजी प्रत्येकाला दोनच तास मिळतील, मग तो आपला असो की पलीकडचा. थोडी कुरकुर झाली, एका जावयाने आवाज चढवला, पण शेवटी सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिनेही डोलावली होती. यंत्रं चालवणारी तीच, तिने नाही म्हणून कसं चालेल? पण खिडकीजवळच्या खुर्चीत तिचा थोरला भाऊ होता. पूल बंद होता म्हणून त्याची मागची खेप चुकली होती. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, दोन शब्द बोलला की धाप. आईबाप गेल्यावर बसमध्ये तिकिटं फाडून यानेच तिला शिकवलं होतं. तिने त्याच्या यंत्रावर गुपचूप पूर्ण चार तास लावले, वेळ दाखवणारा त्याचा पडदा भिंतीकडे वळवला आणि अळीमिळी गुपचिळी करून कामाला लागली.

काम तरी धड कुठे होत होतं! हात एकीकडे, डोळे दुसरीकडे. कुणाचा रक्तदाब बघ, मध्येच टाकीवर चढून ये, पुन्हा टँकरवाल्याला फोन लाव. बाकावर नदीपलीकडचे एक आजोबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांची बायको पदराने त्यांना वारा घालत होती.

"आमचा नंबर कधी हो, ताई?"

"होईलच आता."

"त्यांना दम लागतोय."

"सगळ्यांनाच लागतोय, आजी." बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. आजी पुन्हा वारा घालू लागल्या.

"चिमणे, इकडे ये जरा," भावाने हाक मारली.

"काय रे, दादा?"

"दोन तास झाले का?"

"होतील आता."

"मग पोटरीत गोळा कसा आला?"

त्याच्या पोटरीत गोळा यायचा तो तिसऱ्या तासाला, त्याआधी कधी नाही. दर वेळी ती पोटरी चोळून द्यायची आणि दोघं हसायची, की कंडक्टरची पोटरी घड्याळापेक्षा पक्की. आज पडदा वळवण्याची हुशारी केली आणि नेमकी पोटरी विसरली.

"हळू बोल ना," ती कुजबुजली.

"आपला तो बाब्या, काय?" तो धापा टाकत हसला. "सुया काढ."

"मागची खेप चुकलीय तुझी. पुढची कधी मिळेल, देव जाणे. तुला काही झालं तर मी काय करू?"

"आणि त्या बाईने काय करायचं?" त्याने बाकाकडे हनुवटी केली. "जन्मभर लोकांना ओरडत आलो, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या. आता मीच दांडा धरून उभा राहू?"

"तू मला लोकांसारखा नाहीस, दादा."

"ठाऊक आहे गं. पण हे कळलं, तर उद्या दोन तासांवर कोण उठेल? जो तो खुर्ची धरून बसेल. मग टाकी भरली काय आणि रिकामी काय."

तिला त्याचा संताप आला. आयुष्यात एकदा तरी या माणसाने स्वतःचं बघावं! पण तिने यंत्र थांबवलं, नळीतलं रक्त त्याच्या अंगात परत जाऊ दिलं, सुया काढल्या आणि कापूस दाबून धरला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"रिक्षा बोलावते."

"नको. इथे तू हवी आहेस."

यंत्र धुऊन होईपर्यंत तो दाराशी चपलांशी झटत होता. सुजलेले पाय आत जाईनात. शेवटी त्याने चपला हातात घेतल्या आणि भिंतीच्या आधाराने अनवाणीच बाहेर पडला. खिडकीतून ती बघत राहिली. फाटकाशी तो थांबला, गज धरून दम खाल्ला, मग पुढे गेला.

तोवर आजोबा खुर्चीत येऊन बसले होते. आजींनी त्यांची बाही वर सारली.

"भला माणूस दिसला," त्या म्हणाल्या. "तुमचे कोण हो ते?"

तिने सुई हातात घेतली. आजोबांची शीर बोटाने चाचपली.

"पेशंट आहेत आमचे," ती म्हणाली, आणि यंत्रावर दोन तास लावले.