भाऊजींविरुद्ध जबाब

आज काहीतरी विपरीत घडणार, याची कुणकुण सिस्टरला सकाळीच लागली होती. आदल्या दिवशी तिने ज्या बाळाला गोवराची लस टोचली, ते पहाटे गेलं. गोवर त्याच्या अंगात आधीच भिनला होता. लशीने त्याला मारलं नव्हतं, लस पोहोचायलाच उशीर झाला होता. पण हे ऐकून घेणार कोण? ‘लशीनेच मारलं’ अशी आवई मोबाइलवरून वस्तीभर पसरली आणि दुपारी जमाव दवाखान्यावर चालून आला.

सगळ्यांच्या पुढे तिचा सख्खा धाकटा दीर होता. हातात गॅरेजमधला लोखंडी पाना.

“भाऊजी, तुम्ही तरी जरा ऐका...”

“कोण भाऊजी? पोरं मारणारीशी मी नातं सांगत नाही!”

पहिला घाव फ्रिजवर बसला. लशीच्या बाटल्या फुटल्या, फरशीवर काचांचा खच पडला. तरुण डॉक्टर आवरायला पुढे आला, तर चौघांनी त्याला त्याच काचांत लोळवलं. कुणीतरी त्याच्या तोंडावर बुटाची लाथ घातली. जबडा मोडल्याचं सिस्टरला स्पष्ट ऐकू आलं. ती त्याच्यावर आडवी पडली. पुढचा घाव दिराने घातला, तो तिच्या मनगटाच्या वर बसला. आवाज आधी आला, कळ नंतर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आपण कुणाला मारतोय हे त्याला दिसत होतं, आणि तरीही त्याने पाना पुन्हा उचलला. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि मर्दुमकी गाजवणारे सगळे वाट फुटेल तिकडे पळाले.

हाताला प्लास्टर घालून ती घरी आली, तर सासूबाई दारातच उभ्या.

“पोलिसांना सांग, गर्दीत पडले म्हणून. घरातलं भांडण घरातच मिटवू.”

“आई, तो दवाखाना होता.”

“दवाखाना उद्या दुसरा उभा राहील. मुलगा कुठून आणू?”

नवरा मान खाली घालून बसला होता. पोलिसांना काय सांगायचं, हे तिचंही अजून ठरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जावेचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. “ताई, छोटीला गोवर निघालाय. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत. हे दाराला कडी लावून बसलेत, दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत.”

सिस्टरने रुग्णवाहिका बोलावली आणि नवऱ्याला उठवलं. “तुमची पुतणी गुदमरतेय. चला.”

दार उघडलं ते दिरानेच. डोळे तांबारलेले, हातात तोच पाना. “पोरीला हात लावाल तर मुडदा पाडीन.”

थोरला भाऊ आयुष्यात पहिल्यांदा धाकट्यावर धावून गेला. दोघं दारातच झोंबले. धाकट्याने त्याची मान पकडून कपाळ चौकटीवर आपटलं. रक्ताची धार लागली, तरी थोरल्याने मिठी सोडली नाही. मग आतून जाऊ आली. एका काखेत निळी पडलेली पोर, दुसऱ्या हातात लोखंडी तवा. तिने आपल्या नवऱ्याच्या गुडघ्यावर तवा हाणला. तो कोसळला, तसा परत हाणला. मग त्याला ओलांडून ती रुग्णवाहिकेत चढली.

वाटेत सिस्टरने डाव्या हाताने पोरीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क दाबून धरला होता. पोरीचे ओठ हळूहळू गुलाबी झाले.

छोटी वाचली, पण एका कानाने ऐकू येईनासं झालं. सासूबाई तिच्या खाटेशी येऊन बसल्या आणि सिस्टरला म्हणाल्या, “देवासारखी धावलीस गं. आता पोर वाचली ना? मग त्यालाही वाचव.”

त्या वेळी डॉक्टर त्याच रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर होता, जबडा तारेने बांधलेला. नळीने दूध पीत होता.

संध्याकाळी हवालदार सिस्टरचा जबाब घ्यायला आला. “मारणारा ओळखीचा होता का?”

सासूबाईंनी तिचा पदर घट्ट धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

“माझा दीर होता,” ती म्हणाली. “लिहून घ्या.”

तिचा जबाब संपला तशी भिंतीला टेकलेली जाऊ पुढे आली आणि हवालदारासमोरच्या स्टुलावर बसली.

“आता माझा लिहा,” ती म्हणाली. “तवा मी मारला, तेही त्यात येऊ दे.”