चढावरचं पाणी

"अगं, तुझा रंग माझ्या बादलीत कसा आला?" थोरलीने फोनवर हसत विचारलं. "धुणं भिजवायला नळ सोडला, तर पाणी हिरवंगार! म्हटलं, आमच्या बाईसाहेबांचाच उद्योग असणार."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

ती भूजल खात्यात होती. डोंगरातली धातूची खाण बंद पडून जमाना लोटला होता, पण तिच्यात साचलेलं पाणी आर्सेनिकचं विष घेऊन कुठे कुठे झिरपतं, हे शोधायचं काम धाकटीकडे होतं. त्यासाठी तिने खाणीच्या जुन्या तोंडातून हिरवा रंग ओतला होता. रंग साधा, निरुपद्रवी. तो ज्या विहिरीत उगवेल तिथे खाणीचं पाणी पोचतंय, इतका सरळ हिशेब. उताराकडच्या विहिरींवर तिची माणसं डोळ्यांत तेल घालून बसली होती. आणि रंग पठ्ठ्या निघाला कुठे, तर चढावर, सख्ख्या बहिणीच्या न्हाणीघरात!

थोरलीने घर बांधलं तेव्हा बोअर कुठे मारायची हे धाकटीनेच दाखवलं होतं. पुढे उतारावरच्या गल्लीतल्या विहिरी खात्याने बंद केल्या, तेव्हा थोरली म्हणाली होती, "आमचंही एकदा तपासतेस का?" त्यावर ही हसली होती. "ताई, तू खाणीच्या वर राहतेस. पाणी काय चढ चढून येणार आहे? बिनधास्त पी." जमिनीवरचा चढ बघून जमिनीखालच्या पाण्याची वाट ठरवू नका, असं नव्या भरतीच्या लोकांना दरडावून सांगणारी बाई ही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! घरचीच तर बोअर, घेऊ कधीतरी नमुना, म्हणत तिने एक बाटलीसुद्धा भरली नाही; थोरली मात्र हिने तपासूनच सांगितलं असणार, असं धरून चालली होती. खाणीतलं पाणी काढून द्यायला जुन्या लोकांनी डोंगराच्या पोटातून, थोरलीच्या घराच्या खालून, पलीकडे बोगदा खणला असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ती पोचली तेव्हा थोरली अंगणातल्या नळापाशी उभी होती.

"चहा टाकू? हिरवा होईल, पण होईल."

"ताई, हे पाणी पिऊ नकोस."

"रंगाने काही होत नाही म्हणालीस ना?"

"रंगाने नाही होत. पण तो ज्या वाटेने आला, त्याच वाटेने खाणीचं पाणी येतंय. कधीपासून, देव जाणे."

थोरलीचं हसू मावळलं. "म्हणजे तू तपासलंस तेव्हा चांगलं होतं, आणि मग बिघडलं?"

किती आयती पळवाट! नुसतं 'हो' म्हटलं की सुटका. धाकटीला क्षणभर मोह झालाही, आणि त्या मोहाची तिला चुकीहूनही जास्त लाज वाटली.

तेवढ्यात उतारावरच्या गल्लीतली शेजारीण रिकामा कॅन घेऊन फाटकातून आत आली. विहिरी बंद झाल्यापासून अख्खी गल्ली थोरलीच्याच नळावर पाणी भरत होती. थोरलीने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"आज पाण्याला रंग कसला हो?" शेजारणीने विचारलं आणि धाकटीला बघून तिचा जीव भांड्यात पडला. "तुम्ही आहात होय! मग काळजीच नको. तुम्ही तपासलेलं पाणी, म्हणून तर आमचं बाळही याच्यावरच वाढलंय."

"मी तपासलंच नव्हतं," धाकटी म्हणाली. "एकदाही नाही."

शेजारीण थोरलीकडे बघून कसंनुसं हसली. ही थट्टा आहे, असं कुणीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती. थोरलीने नळ घट्ट बंद केला आणि शेजारणीच्या हातातला कॅन काढून घेतला.

"माझी बहीण तपासते, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं.

थोरलीने पायात चपला सरकवल्या आणि फाटक उघडलं.

"चल. घरोघरी जायचंय. दार मी वाजवते. बोलायचं तू."