पाठीत वाकलेला राइमारू

चिसा निशिवाकीने केलेला खेळ खपला असता, तर कोणाला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचा गोंधळ तुम्हाला निदान माझ्यापेक्षा बरा कळेल. चिसाला त्याच खेळाचा दुसरा भाग करायला मिळणार होता. तिच्या साहेबांनी तसा शब्द दिला होता. दुकानदार ओची-सानांना 'आमच्याकडे नवंही चालतं' असं पेठेत मिरवायला मिळणार होतं. आणि मला, मित्रांनो, आयुष्य वाढवून मिळणार होतं. सगळ्यांत मोठा फायदा माझाच होता, आणि त्यासाठी करायचं काही नव्हतं. नुसतं चालू राहायचं होतं.

मी म्हणजे हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम. बोटाच्या पेराएवढं खेळाचं कार्ड माझ्या कुशीत सरकवलं की माझ्या काचेवर दुसरं जग उभं राहतं. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझे भाऊ खोक्यांत बसून घराघरांत गेले. मी मात्र जपानातल्या उवाजिमा गावच्या छत घातलेल्या पेठेत, ओची-सानांच्या खेळण्यांच्या दुकानात, गल्ल्याशेजारी पोलादी दोरीने बांधला गेलो. येणाऱ्याने मला दोन घटका खेळून पाहावं आणि माझ्या भावाला विकत घ्यावं, अशी योजना. माझ्या पाठीवर छापलं होतं : 'विक्रीसाठी नाही'. पुढे पुढे भावांचीही विक्री होईना, तेव्हा हेच शब्द त्यांच्याही पाठीवर चालले असते.

कारण लोकांच्या हातात आधीच फोन होते. एका हातात फोन असताना दुसऱ्या हातात मला धरायला माणसाला काहीतरी मोठं निमित्त लागतं. ते निमित्त म्हणजे राइमारू. हा मुखवटा घातलेला तलवारबाज. त्याची मालिका माझ्या जन्माआधीपासून चालू होती आणि तेव्हा नववा भाग आला होता. राइमारू उडी मारतो, वार करतो, शेवटी मुखवटा सरळ करतो. नऊही भागांत हेच. शाळा सुटली की मुलं दुकानात येत आणि मला हातात घेऊन कुरकुरत.

"ओची काका, काहीतरी नवीन नाही का? हे तेच तेच झालं."

"आहे की. हे बघ, ढगांवर शेती करायची."

"त्यात राइमारू आहे?"

"नाही."

"मग नऊच द्या."

मला वाटलं, माझ्या कानात बिघाड असेल. पण ओची-सान राइमारू कागदात गुंडाळून देत, म्हणजे त्यांनीही तेच ऐकलं असणार. ढगांवरची शेती कोणीच घेतली नाही. काचेखालून चालणारी मांजर, आवाजाने उघडणारी दारं, अशी कितीतरी नवी कार्डं माझ्या कुशीतून गेली आणि दाराशी ठेवलेल्या स्वस्त मालाच्या पेटीत पडली. घाऊक व्यापाऱ्याचा माणूस कावामाता-सान दर आठवड्याला येई आणि तीच पेटी ढवळत म्हणे, "लोकांना नवंच हवं असतं, ओची-सान. फक्त ते आधीपासून ओळखीचं हवं."

"मग ते नवं कसं?"

"ते मला विचारू नका. मी फक्त खोकी पोचवतो."

अशात चिसा आली. ती याच पेठेतली, बंद पडलेल्या केशकर्तनालयवाल्यांची मुलगी. तोक्योत खेळ करणाऱ्या एका लहानशा कंपनीत कामाला होती. तिने हातात मिठाईचा खोका धरला होता आणि ती नमस्काराला इतकी वाकली की तिची पिशवी खांद्यावरून घसरून माझ्या दोरीत अडकली. ती आपला खेळ घेऊन आली होती : 'शेवटचा दिवा'.

मित्रांनो, तो खेळ माझ्या कुशीत शिरला तेव्हा पहिल्यांदाच मीच माझ्या काचेकडे बघत बसलो. त्यात कोणी कोणाला मारत नव्हतं. एक म्हातारी, एक हात कंबरेवर, दुसऱ्यात कंदील, पाठीत वाकलेली, दीपस्तंभाच्या पायऱ्या चढते आणि धुक्यात हरवलेल्या होड्यांना घरी आणते. एवढंच. पण एक अट : घाई केली की कंदील विझतो.

समोरच्या दुकानात माशाच्या वड्या तळणाऱ्या हामासाकी-सान हात पुसत बघायला आल्या. थोडा वेळ काचेकडे बघून म्हणाल्या, "चिसा-चान, ही बाई माझ्यासारखी चालते."

चिसा कानापर्यंत लाल झाली. "लहानपणी रोज तुमच्या मागून शाळेत जायचे. पुढे जायला जागाच नसायची."

"म्हणजे मी वाट अडवायची म्हण."

"थोडी."

"मग मला मानधन पाहिजे," असं म्हणून हामासाकी-सानांनी एक कार्ड विकत घेतलं. ते बघून तोफूवाल्यांनी घेतलं. मग छत्र्यांच्या दुकानवाल्या काकूंनी, मग चहावाल्या म्हाताऱ्याने, मग त्याच्या भावाने. पेठेतली पोर मिठाई घेऊन आली, वाकली, तर रिकाम्या हाताने परतायचं कसं? दोन दिवसांत फळी साफ झाली.

मी मात्र बुचकळ्यात पडलो. कार्ड चालायला आमच्या घराण्यातलं कोणीतरी घरी लागतं. आणि मी पेठेत कोणाकोणाकडे माझे भाऊ गेले ते जाणून होतो. तोफूवाल्यांकडे नव्हता. छत्रीवाल्या काकूंकडे नव्हता. हामासाकी-सानांकडे तर साधा फोनही तारेचा होता. मग ही माणसं ते कार्ड करणार काय?

ते मला नंतर कळलं. कोणी चहाच्या डब्यांमागे ठेवलं, कोणी तिजोरीत. हामासाकी-सानांनी घरातल्या देव्हाऱ्यात, दिवंगत नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवलं. आपल्याकडे आलेली वस्तू आधी तिथेच जाते.

आता ओची-सान काही भोळे नव्हेत. साऱ्या पेठेला जन्मापासून ओळखणारा माणूस. पण गिऱ्हाइकाला 'तुमच्याकडे यंत्र आहे का हो?' असं विचारायचं म्हणजे 'तुम्ही भीड म्हणून घेताय ना?' असं तोंडावर म्हणण्यासारखं. ते उवाजिमात कोणी कोणाला म्हणत नाही. त्यांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. त्या नमस्कारांतच घात झाला.

ओची-सानांनी चिसाला कळवलं : सगळा माल संपला. चिसाने ते साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, एका आडगावच्या दुकानात दोन दिवसांत संपतो, तर बाकी देशात काय होईल. आणि त्यांनी आणखी ढीगभर कार्डं काढली. कावामाता-सानांनी ओची-सानांच्या दारात मोठं खोकं उतरवलं.

"परत घेतलं जात नाही, माहीत आहे ना?"

"परत कशाला देतोय? बघितलं नाहीत का कसा खपला?"

"बघितलं. म्हणूनच विचारतोय."

त्यानंतर एक कार्ड हललं नाही. मुलं येत, मला उचलत, म्हातारीला पायऱ्यांवरून पळवायला बघत. कंदील विझे. "हे बिघडलंय," म्हणत आणि राइमारू लावत. शेवटी 'शेवटचा दिवा' पेटीत गेला. आणि मग पेठेतली सगळी मोठी माणसं त्या पेटीवरून जाताना छताकडे बघत जाऊ लागली. आपण पूर्ण किमतीला घेतलेली वस्तू मातीमोल भावाने पडलेली दिसली, याचं त्यांना दुःख नव्हतं. चिसाच्या वतीने लाज वाटत होती. नव्या वर्षाला ती गावी आली तेव्हा ओची-सानांनी पेटी उचलून आतल्या खोलीत लपवली आणि तिथे तिला अडखळून त्यांचंच नख उचकटलं.

चिसाला सगळं माहीत होतंच. तिने ओची-सानांना सांगितलं, "दुसरा भाग होणार नाही म्हणाले."

"माझ्यामुळे झालं हे."

"तुम्ही खरं तेच कळवलं होतंत. माल संपला होता."

"हो, संपला होता," ओची-सान म्हणाले, आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं, जणू उत्तर मला ठाऊक होतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. जो खेळ विकला गेला तो कोणी खेळला नाही, आणि जो खेळून बघितला तो कोणी घेतला नाही. यात चूक कोणाची, हे मी आजही जुळवतो आहे.

वर्षभराने कावामाता-सान फलक घेऊन आला. राइमारूचा दहावा भाग. 'नवा राइमारू, वेगळा राइमारू.' तो बनवणारी कंपनी चिसाचीच. बुडत्या यंत्राला जुनं नाव तेवढं तारेल, असं वरच्यांनी ठरवलं होतं, आणि राइमारूच्या मालकांकडून नाव वापरायची परवानगी आणली होती. कार्ड माझ्या कुशीत सरकलं आणि मी दचकलो. दीपस्तंभ तोच. धुकं तेच. होड्या त्याच, फक्त आता त्यांवर शत्रूची निशाणं होती. पायऱ्या चढत होता राइमारू, पण पाठीत वाकून, एक हात कंबरेवर ठेवून, फेंगड्या पायांनी. घाई केली की त्याच्या तलवारीचं तेज विझत होतं.

मित्रांनो, माझ्या पोटातला खेळ मी ओळखणार नाही तर कोण? मला वाटलं, मुलं ओरडतील, हे बिघडलंय. मुलं दाराबाहेर रांग लावून उभी राहिली.

"या वेळी तो जखमी आहे. म्हणून असा चालतो," एकजण दुसऱ्याला समजावत होता.

"खूप खोल विचार केलाय."

"घाई करू नको ना, तेज जातं. हळू. हीच तर मजा आहे."

ज्यांनी म्हातारीला पळवलं, तीच ही मुलं. मी काचेवर एक क्षण अडकलो. ओची-सानांनी मला बंद करून पुन्हा चालू केलं. त्यांना वाटलं, माझं वय झालं.

चिसा या वेळीही मिठाई घेऊन आली होती, आणि वाकली, पण पूर्वीइतकी खाली नाही. हामासाकी-सान वड्यांचं भांडं तसंच हातात घेऊन आल्या. काचेवर वाकल्या.

"हाही माझ्यासारखा चालतो."

"हो."

"पुरुष असून?"

"चेहरा बदल म्हणाले, मी बदलला. तलवार दे म्हणाले, दिली. चालण्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही." चिसाने आवाज खाली आणला. "मग मीही विचारलं नाही."

हामासाकी-सान हसल्या नाहीत. त्यांनी एक गरम वडी कागदावर ठेवून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खा. बारीक झालीस."

गल्ल्याआडून ओची-सान म्हणाले, "राइमारूचा पहिला भाग आला होता ना, तोही याच पेटीत पडला होता. मुखवटा घातलेला कोण हा, म्हणायचे. वर्षभर धूळ खाल्ली त्याने."

"मग कोणी उचलला?"

"आठवत नाही. कोणीतरी उचललाच असेल."

दहावा भाग चांगला खपला, पण आमच्या घराण्याला तो वाचवू शकला नाही. थोड्याच दिवसांत कारखान्याने माझी भावंडं घडवणं बंद केलं. ओची-सानांनी फळीवर फोनची रंगीत वेष्टनं लावली. माझी दोरी कापली. मला विकता येत नव्हतं, आणि कंपनीने परत मागवलंही नाही. मी पेटीत पडलो, 'शेवटच्या दिव्या'च्या ढिगावर, आणि माझी बॅटरी हळूहळू फुगू लागली.

तिथून मला हामासाकी-सानांनी उचललं. "हे त्या कार्डाला लागतं ना?"

ओची-सानांनी पहिल्यांदाच तो प्रश्न ऐकला होता. त्यांनी मान खाली घातली, मला नवी बॅटरी घातली आणि फुकट दिलं. फुकट घेणं हामासाकी-सानांना मानवलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी वड्यांचा डबा भरून पाठवला. मग त्यांनी देव्हाऱ्यातलं कार्ड काढलं. फोटोला म्हणाल्या, "इतके दिवस तुम्ही सांभाळलंत, आता मी बघते."

त्यांची बोटं तेलकट होती आणि एकेक बटण शोधून शोधून दाबत. म्हातारी पायरी चढली, थांबली, पुन्हा चढली. कंदील विझला नाही. विझणार कसा? या बाईला घाई करणं कधी जमलंच नव्हतं. सगळ्या होड्या घरी आल्या, आणि शेवटी काचेवर ते नाव उमटलं, जे दहाव्या भागात कितीतरी नावांच्या खाली बारीक अक्षरांत होतं : निशिवाकी चिसा. हामासाकी-सानांनी चष्मा पुसून ते मोठ्याने वाचलं.

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. माझ्यासारख्याला असंच न वापरता ठेवू नका. फुगलेली बॅटरी काढून टाका. आणि नवं हवं असं म्हणालात, तर ते हातात घेऊन निदान एका पायरीपुरतं तरी हळू चाला. विझलं की लगेच 'बिघडलंय' म्हणू नका. कदाचित बिघडलेलंही असेल. तेवढं खात्रीने मलाही सांगता येत नाही.

आता हिशेब. साहेबांना दहावा भाग मिळाला. मुलांना राइमारू मिळाला, त्यांनी राइमारूचे पैसे दिले. पेठेने म्हातारीचे पैसे दिले आणि तिला तिजोरीत ठेवलं. ओची-सानांनी एक नख आणि एक फळी दिली. चिसाने आपली म्हातारी दिली, चाल तेवढी मागे ठेवून घेतली. आणि 'शेवटच्या दिव्या'चे पैसे देऊन त्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढलेलं माणूस, आमच्या सबंध पेठेत, एकच निघालं.