तोंडातला श्वास

स्क्रू पितळी होता, वाटाण्याएवढा, आणि सगळं त्याच्यावर होतं – किती जोराने श्वास ओढला की पाणबुड्याला सिलिंडरमधली हवा देणाऱ्या रेग्युलेटरची झडप उघडायची, ते तोच ठरवणार. तिने पाना जरासा फिरवला, माउथपीस दातांत धरून हवा ओढली. हलकी आली. मेहुण्याला, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, मुख्य रेग्युलेटर असाच हलका लागायचा, साहेबांना श्वास घ्यायचेसुद्धा कष्ट नकोत... आता राखीव. राखीव किंचित जड लावायचा असतो, नाहीतर पाण्यात कुणाच्या तोंडात नसताना आपला आपणच फसफसत बसतो आणि सिलिंडर रिकामा करतो. किंचित म्हणजे किती ते तिच्या हाताला ठाऊक होतं. हात तिथे थांबला नाही. अजून थोडा, अजून... तिने ओढून पाहिलं. हवा येईचना, गालफडं आत गेली, बरगड्या दुखल्या, आणि तिला एकदम बरं वाटलं.

मुडदा बसवला मेल्याचा!

काल धाकटी बहीण वरच्या फळीवरचा डबा काढायला मान उंच करते काय, शर्टाची कॉलर सरकते काय – गळ्याच्या एका बाजूला चार बोटांचे वळ, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा. जांभळा, रुंद, चपटा अंगठा. जहाजावरच्या दोर ओढायच्या विंचमध्ये चेचला तेव्हा याच अंगठ्याला आपला रुमाल गुंडाळून तिने मेहुण्याला दवाखान्यात नेलं होतं, सबंध रस्ताभर ‘काही होत नाही रे’ म्हणत... ठेचून निघायला हवा होता तेव्हाच, मुळापासून. "ताई, त्याला काही बोलायचं नाहीस, माझी शप्पथ आहे तुला," बहीण म्हणाली होती. नाही ग बाई, बोलत नाही. बोलायला बसलंय कोण इथे?

उद्या कामाला जहाजाच्या पोटाखाली ती आणि मेहुणा, दोघंच. डोक्यावर लोखंड, सरळ वर यायला वाट नाही, खाली चिखल. मुख्य रेग्युलेटर बिघडला – बिघडतात, कशानेही बिघडतात – तर तो राखीव तोंडात घालणार, आणि तो असा दगडासारखा. ओढेल. अजून जोरात ओढेल. डोळे बाहेर येतील काचेमागे, पाय झाडेल, त्या दांडग्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगतील, आणि मी समोर हात बांधून बघत राहीन, म्हणेन, कसं वाटतं रे? माझ्या बहिणीला असंच वाटलं असेल, नाही का? तिने पाना इतका आवळला होता की तळहातात त्याची कड रुतली.

छे. स्क्रूने मारायचं म्हणजे घाबरटाचं काम. आणि स्क्रू बोलतो – नंतर कुणीतरी उघडून बघतंच. तिने तो मागे फिरवला, हवा ओढली, नीट आली. पण तळपायाची आग मस्तकात गेलेली, ती काही स्क्रूबरोबर उतरली नाही. तिने स्वतःचा सेट, सिलिंडर आणि रेग्युलेटर, जोडला.

"झालं का ताई? चला, सराव उरकून टाकू." मेहुणा दारात उभा. तिच्याशी नेहमी अहो-जाहो, कधी आवाज चढवलेला नाही. तिला तेच जास्त किळसवाणं वाटलं.

पाण्यात उतरण्याच्या आदल्या दिवशी कोरड्यात एकदा सराव करायचा, हा त्यांच्या कामाचा रिवाज. एकाने गळ्यावरून आडवा हात फिरवायचा – हवा संपली. दुसऱ्याने राखीव नाही द्यायचा. स्वतःच्या तोंडातला काढून द्यायचा, लांब नळीचा, चालू आहे याची खात्री असलेला, आणि आपण गळ्यात अडकवलेला राखीव तोंडात घ्यायचा. कारण गुदमरणारा माणूस मागत बसत नाही, दिसेल तो तोंडातून हिसकतो. म्हणून आधीच द्यायचा. हे तिच्या हातात इतकं भिनलेलं की खूण दिसली की हात आधी जायचा, डोकं मागून.

दोघं समोरासमोर उभी राहिली. त्याने गळ्यावरून हात फिरवला.

तिचा हात जागचा हलला नाही.

त्याने पुन्हा फिरवला, भुवया उंचावल्या, मग हसला आणि पुढे होऊन चेष्टेत तिच्या तोंडातला रेग्युलेटर खस्सकन ओढला. तो पंजा चेहऱ्यावर आला तेव्हा तिला फक्त अंगठा दिसला. बहिणीला असाच दिसत असणार, एवढा मोठा... माउथपीस दातांवरून फरफटत गेला, ओठ फाटला.

"अरेच्चा, रक्त आलं की! लागलं का हो? चेष्टा केली मी. पण खरंच ताई, झोप लागली होती का? उद्या असं केलंत तर मेलोच की मी."

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"राहू दे, आधी ओठ –"

"कर म्हटलं ना!"

तिने रक्तासकट माउथपीस तोंडात धरला. त्याने हात फिरवला, या वेळी सावकाश, तिच्याकडे बघत. हसू मावळलेलं. तिने ते वळ पाहिलेत हे त्याला कळलं असावं, निदान संशय आला असावा. इतका वेळ तिला वाटत होतं की हात विसरला, बधिर झाला, रात्रभर झोप नाही म्हणून असेल. आता तिने खाली पाहिलं. हात उठत होता. खांद्यापासून उठायला बघत होता, आणि दुसऱ्या हाताने तिनेच आपलं मनगट धरून ठेवलं होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत. तो वाट बघत उभा होता. सोड, तिने स्वतःला म्हटलं... आणि सोडवेना.