हाक राहून गेली

मी एक जुना, प्लास्टिकचा मापाचा कप आहे. मित्रांनो, गुळण्यांच्या औषधाच्या बाटलीवर जो इवलासा कप उपडा बसवलेला असतो, तोच मी. माझ्या अंगावरच्या रेघा आता पुसट झाल्या आहेत. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येत नाही. मला आठवतं ते देगलूरच्या बाजारातलं औषधांचं दुकान, आणि तिथे गाल धरून आलेले पाशामियाँ.

पाशामियाँ स्वतःच्या छोट्या दुकानात बांगड्या भरायचे. घट्ट बांगडी हातावरून चढवताना दुखू नये म्हणून ते समोरच्या बाईला बोलण्यात गुंतवत. "जगदेवीताई, सासूबाई काय म्हणतात?" ताई सांगायला लागायची, आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटात गेलेली असायची. त्यांना पान-तंबाखूची जुनी सवय होती. जिभेच्या कडेला एक जखम झाली होती आणि ती भरत नव्हती.

दुकानदार शिवशंकरने बाटली हातात देताना बजावलं, "पाशाभाई, ह्यानं ठणका कमी होतो, जखम बरी होतेच असं न्हाई. पंधरा दिवसांत भरली न्हाई तर डॉक्टरला दाखवा."

"हाव, दाखवतो की."

घरी येऊन त्यांनी मला रेघेपर्यंत भरलं. हिरवं, गार औषध तोंडात घोळवून थुंकलं. थोड्या वेळानं ते बायकोला म्हणाले, "वहिदा, जादू हाय ह्यात! काहीच दुखून न्हाई राहिलं."

मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा! पण वहिदाबी म्हणाल्या, "तरी एकदा दाखवून घ्या."

"लग्नसराई संपू दे."

लग्नसराई संपली, मग सण आले. बाटल्या रिकाम्या होत गेल्या, नव्या येत गेल्या. कप म्हणून मात्र त्यांनी मलाच ठेवलं. जखम आतल्या आत वाढत होती. ठणका वाढला की मला भरायचं, एवढाच इलाज त्या घरात चालू होता.

त्यांची मुलगी बुशरा तेव्हा लातूरला होती. त्या वर्षांत आमच्याकडची हुशार मुलं प्रवेश परीक्षेसाठी गादी आणि ट्रंक घेऊन लातूरच्या क्लासला जात. बुशराला डॉक्टर व्हायचं होतं. हॉस्टेलवरून फोन फक्त रविवारी करता यायचा.

शेवटी घास गिळेना, तेव्हा पाशामियाँ नांदेडला डॉक्टरकडे गेले. कॅन्सर निघाला. उपचार लातूरला घ्यायचे ठरले. किरणांचे उपचार, लोक त्याला शेक म्हणतात.

वहिदाबींनी एकच गोष्ट धरून ठेवली. "पोरीला कळू द्यायचं न्हाई. पेपर होऊ द्या."

त्यांचं माहेर औशाकडचं. त्या दहावीत असताना भूकंप झाला. घर पडलं, भाऊ गेला आणि शाळा सुटली ती सुटलीच. "माझं शिक्षण एका पहाटेत गेलं," त्या म्हणायच्या. "हिचं मी जाऊ देणार न्हाई."

शेकामुळे त्यांचं सगळं तोंड सोललं. आता तेच औषध डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. माझ्याशिवाय त्यांना पेजेचा घोटही जात नसे. गुळणी केली की थोडा वेळ तोंड बधिर राही. तेवढ्या वेळात एक तर खायचं, नाही तर बोलायचं. रविवारी पाशामियाँ बोलायचे.

"बेटा, जेवलीस का? मी? मी हाय की दुकानात."

खरं तर दोघं उपचारांसाठी लातूरलाच खोली घेऊन राहत होते, आणि बुशराचं हॉस्टेल तिथून चार गल्ल्यांवर होतं. ती टेस्टचे मार्क सांगायची, मैत्रिणींच्या गमती सांगायची. बधिरपणा उतरायला लागला की ते घाईनं म्हणत, "गिऱ्हाईक आलंय बेटा, ठेवतो."

एकदा ती रुसून म्हणाली, "अब्बा, तुम्हाला माझ्याशी बोलायला वेळच नसतो आता." त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी पेज घेतली नाही.

मग तो दिवस आला. शेक घेऊन दोघं पायी परतत होते. समोरच्या फुटपाथवरून क्लास सुटलेल्या मुली येत होत्या, आणि त्यांत बुशरा होती. पाठीवर सॅक, वाळलेला चेहरा, हातात उघडं पुस्तक. पाशामियाँ थबकले. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, मला भरलं, गटाराच्या कडेला गुळणी केली आणि जीभ बधिर व्हायची वाट पाहिली. मग हाक मारायला तोंड उघडलं.

वहिदाबींनी त्यांचा दंड धरला. "नका. थोडंच राहिलंय आता."

बुशरा पुस्तकात बघत बघत वळणावरून निघून गेली.

शेकानं जखम हटली नाही. आता ऑपरेशन लांबवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बुशराचा पेपर व्हायच्या आधीच पाशामियाँच्या जिभेचा मोठा भाग काढावा लागला.

पेपर संपल्यावर वहिदाबी मुलीला परीक्षेच्या केंद्रावरून थेट दवाखान्यात घेऊन आल्या. मी खाटेशेजारच्या टेबलावर होतो. पाशामियाँनी तिला पाहिलं आणि तिचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. नुसता हवेचा आवाज आला. बुशरानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "हां अब्बा," ती म्हणाली. "मीच हाय."

दाराबाहेर नेऊन वहिदाबींनी तिला रस्त्यावरची ती गोष्ट सांगितली. उघड्या दारातून मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

"अम्मी, मी अब्बांजवळ थांबले असते."

"म्हणूनच तर हाक मारू दिली न्हाई, बेटा." एवढं बोलून वहिदाबी खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या.

पाशामियाँ वाचले आणि बुशराला मेडिकलला प्रवेशही मिळाला. पेढे आले, शेजाऱ्यांनी खाल्ले. वहिदाबींनी ताटाकडे पाहिलंही नाही. मी आता खिडकीत धूळ खात पडलो आहे. मला कुणी भरत नाही आणि फेकतही नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात कुणी गाल धरून बसलं, एकाच बाजूनं चावायला लागलं, तिखट नको म्हणायला लागलं, तर त्यांना उजेडात बसवा आणि तोंड उघडायला लावा. जखम भरत नसेल तर डॉक्टरकडे न्या. ठणका थांबला म्हणजे बरं झालं असं समजू नका. आणि घरातलं दुखणं मुलांपासून लपवू नका. परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा देता येते. पाशामियाँच्या आवाजातलं "बुशरा" मात्र त्या घरात पुन्हा कुणी ऐकलं नाही.