पाएयात मक्याचे दाणे

मित्रांनो, आधी मला एकदा मनसोक्त "शी!" म्हणून घेऊ द्या. शी! हं, आता सांगते. माझं नाव पाएया. वय झालंय, अंग लोखंडी आहे, तोंड परातीसारखं पसरट, पोट उथळ आणि धरायला दोन कान. मूळची मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळच्या एका खेड्यातली. आता मुक्काम जपानमध्ये, ग्योतोकुला. मी मराठी कशी बोलते म्हणाल, तर ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एका मराठी बाईच्या स्वयंपाकघरात राहून तिची बडबड माझ्या अंगी मुरली. नाक मुरडणं मात्र मी माहेराहूनच आणलंय.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, दाबून खोलगट केला, कान ठोकून बसवले. अम्पारो नावाच्या मुलीच्या आजोबांनी मला घरी नेलं आणि तेल चोपडून विस्तवावर इतकं तापवलं की मी काळीठिक्कर पडले. मला रडू यायचं बाकी होतं. आजोबा खूश. म्हणाले, "आता ही कामाची झाली."

मग दर रविवारी अंगणात संत्र्याच्या लाकडांचा जाळ आणि त्यावर मी. कोंबडी, ससा, रुंद शेंगा, वालासारखे पांढरे दाणे, केशर, पाणी आणि शेवटी तांदूळ. तांदूळ पसरला की डाव खाली ठेवायचा. त्यानंतर ढवळेल त्याचा हात आजोबा धरत. या भाताला माझंच नाव मिळालं, एवढा माझा मान. जेवायलाही ताटं नसत. सगळे माझ्याभोवती बसत आणि ज्याने त्याने आपल्या समोरचा भात खायचा, शेजाऱ्याच्या बाजूला चमचा घालायचा नाही. एकदा एका भाच्याने सांगितलं, समुद्रकाठच्या हॉटेलांत पिवळा रंग टाकून, वर वाटाणे आणि सॉसेजचे तुकडे पेरून पाहुण्यांना 'पाएया' म्हणून वाढतात. आजोबांनी चमचा खाली ठेवला. "तो पाएया नव्हे. तो वस्तू घातलेला भात." आमच्या गावात याहून मोठी शिवी नाही, मित्रांनो.

अम्पारोचं लग्न संगणकवाल्याशी झालं आणि मी तिच्या सामानातून जपानला आले. त्या वर्षांत ग्योतोकु, हिगाशी-कसाई या उपनगरांकडे संगणकाचं काम करणारी भारतीय कुटुंबं थव्याने उतरत होती. अम्पारोच्या खालच्या मजल्यावर असंच एक कुटुंब होतं. नवरा यतीन, बायको ज्योत्स्ना आणि बालवाडीत जाणारी जुई. यतीन आणि अम्पारोचा नवरा एकाच ऑफिसात. ते दोघे सकाळी तोझाई लाइनच्या गाडीने जे जात, ते पोरगी झोपायच्या वेळी उगवत. ज्योत्स्ना मुंबईत बँकेत नोकरी करणारी बाई. इथे दिवसभर जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा करत बसायची. "आज कुणाशी बोलले माहितीय?" ती अम्पारोला म्हणायची. "कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातल्या पोराशी. त्याने विचारलं, पिशवी हवी का. मी म्हटलं, नको."

दोघींची गट्टी जमली. भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि त्याहून मोडकं जपानी. ज्योत्स्ना कट्टर शाकाहारी, अंड्याच्या वाटेलाही न जाणारी. एकदा अम्पारोकडे सगळ्यांना माझ्यातून थेट खाताना तिने बघितलं आणि तिचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. "अगं बाई, सगळ्यांचं उष्टं!" ती मराठीत पुटपुटली. मला राग आला, पण निदान ते खरं होतं. किळस आली तर माणसाने सरळ नाक मुरडावं. पुढे जे झालं ते फार घाणेरडं.

अम्पारो तिथल्या नागरिक केंद्रात युरोपातल्या पाककृतींचा वर्ग घ्यायची. तिची आई आजारी पडली म्हणून ती घाईने स्पेनला गेली. मला ज्योत्स्नाकडे सोपवताना म्हणाली, "हिला ओली ठेवू नकोस. तेलाचा हात दे, बास." केंद्राचे होसोदा-सान लगेच ज्योत्स्नाच्या दारात. वर्ग रिकामा पडला होता, पत्रक छापून झालं होतं आणि पत्रकावर माझा फोटो होता.

"पण मी भारतीय आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

"हो, हो. पण भारत वसंतात झाला," होसोदा-सान वाकून म्हणाले. "आता युरोप आहे. तुम्ही कराल ना, ज्योत्स्ना-सेन्सेई?"

त्यांच्या लेखी परदेशी ती परदेशी. आणि ज्योत्स्नाच्या कानात 'सेन्सेई', म्हणजे शिक्षिका, हा एकच शब्द शिरला. आल्यापासून या देशात तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. ती हो म्हणाली. जो पदार्थ जन्मात चाखला नाही, चाखणारही नाही, तो ही बाई शिकवायला निघाली!

आधी माझं शुद्धीकरण. माझ्यात ससा शिजला होता ना! चिंच झाली, मीठ झालं, पावडर झाली, तारेची घासणी झाली. तांब्यापितळेची भांडी लख्ख ठेवणारी ती सुगरण, काळं भांडं म्हणजे तिला आळशी बाईचं घर वाटायचं. आजोबांपासून चढलेला माझा काळा रंग तिने खरवडून काढला आणि मला रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं. सकाळी मी गंजाने लाल. "अय्या! स्टील नाहीये वाटतं," ती म्हणाली. पुन्हा घासणी.

आणि मग तो वर्ग. आठवलं तरी मळमळतं. तिने माझ्यात जिऱ्याची फोडणी दिली. केशराच्या जागी हळद. ससा गेला, आले मक्याचे दाणे. वर सिमला मिरची, वाटाणे आणि चिमूटभर गरम मसाला, "जरा वास यायला." हे सगळं ती शिरा घोटावा तशी घोटत होती. वरून होसोदा-सानांनी सुचवलं म्हणून मेयोनीजच्या रेघोट्या, त्यात अंडं म्हणून त्यांनीच ओढलेल्या. कितामुरा-सान नावाच्या पांढऱ्या केसांच्या आजी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी आदराने विचारलं, "सेन्सेई, तुम्ही हा कुणाकडून शिकलात?"

ज्योत्स्ना क्षणभर अडखळली. मग हसून म्हणाली, "माझ्या आजीकडून. ती दर रविवारी करायची."

तिच्या आजीने सांगलीपुढे पाऊल टाकलं नव्हतं!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "ओइशीई!" म्हणजे चविष्ट, असा एकच गजर झाला. होसोदा-सानांनी वर्ग कायमचा तिच्याकडे दिला. परतताना मला पिशवीत धरून ती गुणगुणत होती. अशी खूश तिला मी कधी पाहिली नव्हती. मला मात्र आतून-बाहेरून ओकारी येत होती.

आई बरी झाल्यावर अम्पारो परत आली. केंद्राच्या फळ्यावर लावलेला फोटो तिने पाहिला आणि तशीच ज्योत्स्नाच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"मका?" ती एवढंच म्हणाली. मग मला उचलून हुंगलं. "यात मका? ढवळून? आणि कुठली आजी? माझ्या आजोबांच्या भांड्यात कुठून आली तुझी आजी?"

"अगं, एवढं काय त्यात?" ज्योत्स्नाही तापली. "फक्त सामान बदललं. मनापासून केलं. सगळ्यांना आवडलं."

"वस्तू घातलेला भात!" अम्पारो ओरडली. मला धाडकन ओट्यावर ठेवलं. "मला नको ही आता. हात लावायचीही किळस येते." दार आपटून ती निघून गेली. यतीनला रात्री हे सांगितलं, तर तो मोजे काढत म्हणाला, "भातच तर आहे. सोडून दे."

आता होसोदा-सानांचं गणित बघा. युरोपाचा वर्ग ज्योत्स्नाकडे गेला होता. मग परत आलेल्या अम्पारोला काय द्यायचं? भारताची जागा रिकामी होती! तिला लहान मुलांचा 'भारत' दिला. अम्पारो नाही म्हणाली असेल असं तुम्हाला वाटेल. छे! आदल्या वर्षी तिने ज्योत्स्नाला मोदकाच्या कळ्या पाडताना तोंडात बोट घालून बघितलं होतं. ती हौसेने तयार झाली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते हे असं.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. फ्रीजशेजारच्या मांडणीवर शाडूची इवलीशी मूर्ती, समोर निरांजन. जुई केंद्रातल्या मुलांच्या 'भारत' वर्गातून धावत आली. प्लॅस्टिकच्या डब्यातून तिने पाकळ्यांचा पांढराशुभ्र मोदक काढला, वाटीत घालून बाप्पापुढे ठेवला, हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले. पाठ असलेली आरतीची एक ओळ म्हटली. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी जपानी बोलते, जपानी हसते, आणि तरी हे तिला आपणहून सुचलं! "माझी गुणाची बाय ती," म्हणत तिने जुईला कुशीत घेतलं, प्रसादाचा मोदक मोडला आणि अर्धा तोंडात टाकला.

मित्रांनो, आत डुकराचा खिमा होता. लसणाची पात घातलेला. ग्योझा नावाच्या जपानी करंजीचं सारण.

ज्योत्स्ना बेसिनकडे धावली. तिने चूळ भरली, पुन्हा भरली, जीभ बोटांनी घासली, मग भडभडून ओकली. जुई पाठीमागे उभी राहून कावरीबावरी झाली. "अम्पारो-सेन्सेईने शिकवला," ती जपानीत म्हणाली. मग मोडक्या मराठीत, "आई, मी चूक केलं?"

"नाही गं राजा," ज्योत्स्ना तोंड पुसत म्हणाली. "तू मनोभावे ठेवलास. चूक ज्याने तुला हे मोदक म्हणून दिलं त्याची."

तिने फोन करून अम्पारोला खाली बोलावलं. आवाज असा की अम्पारो चपला न घालताच आली. ज्योत्स्नाने उरलेला अर्धा मोदक तिच्यापुढे धरला. "हा देवापुढे ठेवला माझ्या मुलीने. देवापुढे! आम्ही या दिवसांत कांदा-लसूणसुद्धा शिवत नाही. आणि तू..."

अम्पारोचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तू करताना किती सुंदर दिसत होतं ते. मी फक्त सारण बदललं. मनापासून केलं. मुलांना आवडलं..."

हे शब्द ज्योत्स्नाचेच होते, याच ओट्यापाशी बोललेले. तिने मला हातात घेतलं. माझे गंजाचे डाग बोटाने चाचपले. मला तिची कीव आली नाही, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, बरं झालं. कळू दे हिला तोंडात काय येतं ते.

पुढच्या वर्गाला ती मला रिकामीच घेऊन गेली. खरं सांगून वर्ग गमवायचा हे तिने ठरवल्याचं मला वाटेतच कळलं, कारण तिने जुईचा हात इतका घट्ट धरला की पोर ओरडली. वर्गापुढे उभं राहून ती जपानीत म्हणाली, "मी शिकवला तो पाएया नव्हता. मी पाएया कधी खाल्ला नाही. खाऊ शकणारही नाही. माझ्या आजीने तो कधी केला नाही."

होसोदा-सान हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून घाम पुसत राहिले. मग कितामुरा-सानांनी हळूच हात वर केला.

"नातीच्या वाढदिवसाला मी तो केला होता," त्या म्हणाल्या. "मी तिला सांगितलं, स्पेनमधल्या आज्या रविवारी हे करतात. तिने शाळेतही जाऊन तसंच सांगितलं. मग तिने खाल्ला तो काय होता, सेन्सेई?"

"भात होता, आजी," ज्योत्स्ना म्हणाली. "वर माझी थाप होती."

कितामुरा-सानांनी ॲप्रनची नीट घडी घातली, वाकून नमस्कार केला आणि त्या गेल्या. त्यांच्यामागून एकेक करत सगळे गेले. होसोदा-सानांनी फार सभ्यपणे सांगितलं की आता तसदी घेऊ नका. 'सेन्सेई' ते म्हणाले नाहीत. ज्योत्स्ना-सान म्हणाले.

दाराशी अम्पारो उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ज्योत्स्नाने मला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "ने तुझी वस्तू. मी खराब केली. माफ कर."

अम्पारोने हात पुढे केले. माझ्या कानांना तिची बोटं लागलीसुद्धा. मग तिने हात मागे घेतले.

"आत्ता नको," ती खालमानेने म्हणाली. "त्या मुलांना मलाही सांगायचंय. आधी सांगते, मग हिला नेते."

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच कळकळीची विनंती आहे. दुसऱ्याच्या घरचा पदार्थ जरूर करा, हौसेने करा, हवं तर त्यात मका घाला. पण त्याला त्या घरचं नाव देण्याआधी एक ताट त्या घरच्या माणसापुढे ठेवा आणि तो पहिला घास घेताना त्याच्या तोंडाकडे बघा. तुम्ही काय शिजवलंय ते तिथे दिसेल.

काल जुईने बालवाडीतून केंद्राचं नवं पत्रक आणलं. त्यावर पाकळ्या पाडणाऱ्या अम्पारोचा हसरा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'भारतीय ग्योझा, मुलांचा सर्वांत आवडता वर्ग'. ज्योत्स्नाने ते वाचलं, घडी घातली आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाकलं. अम्पारो वरच्याच मजल्यावर राहते. मला न्यायला ती अजून आलेली नाही.