रविवारचा पाऊस

भूगोलाच्या वर्गामागच्या कपाटात पाऊसनोंदीच्या सत्त्याऐंशी वह्या पूर्ण भरलेल्या होत्या आणि अठ्ठ्याऐंशीवी जूनच्या अकरा तारखेपर्यंत. शिवाय काठाला टवका उडालेलं एक काचेचं मोजपात्र, दोन शिसपेन्सिली आणि दाराला आतून चिकटवलेली नावांची यादी. एकोणीसशे एकतीस सालापासून सुट्टीच्या दिवशी पाऊस मोजायला आलेले माजी विद्यार्थी त्या यादीत होते, एकूण शेहेचाळीस. त्यांतली पाच नावं सभागृहातल्या सोनेरी अक्षरांच्या फलकावरही सापडत. फलकावर त्रेसष्ट नावं होती, पण ती फक्त विद्यापीठात गेलेल्यांची.

ही मोजदाद ग्लेनिस शॅकलटनने केली आणि पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवली. ग्लेनिस सोळाव्या वर्षी शाळा सोडून गेली होती. गेली एकतीस वर्षं ती विदरबेक ते स्किप्टन बस चालवत होती आणि त्यांतली चोवीस वर्षं कोणत्या सुट्टीला पाऊस कोण मोजणार याची पाळी लावत होती. फलकावर तिचं नाव असायचं कारण नव्हतं. यादीत ते शेवटून दुसरं होतं.

विदरबेकची ग्रामर स्कूल जुलैअखेर बंद होणार होती. मुलं शेजारच्या गावातल्या मोठ्या शाळेत जाणार होती. बाकं, चषक, पियानो यांची वाटणी झाली होती. वह्यांचं तेवढं ठरत नव्हतं. शाळेसमोरच्या हिरवळीवर तांब्याचं पर्जन्यमापक होतं आणि त्यात साठलेलं पाणी रोज सकाळी नऊला मोजायचं असा नियम होता. शाळेच्या दिवशी मुलं मोजत, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत माजी विद्यार्थी. विद्यापीठाच्या हवामान-संग्रहाने कळवलं होतं, की नोंदी खऱ्या असतील तर वह्या आनंदाने घेऊ. हिवाळ्यात त्यांच्या माणसांनी पानांचे फोटो काढून सगळे आकडे संगणकावर चढवले होते. आता खरं-खोटं ठरवायला त्यांनी डॉक्टर फिलिपा ओल्डरॉइडला पाठवलं होतं. फलकावर तिचं नाव वरून सत्तेचाळिसावं होतं, आणि ती ग्लेनिसच्याच वर्गातली.

"अजून बसच चालवतेस का गं?" लॅपटॉप उघडता उघडता फिलिपाने विचारलं.

"हो. आणि तू अजून एकदाही तीत बसली नाहीस."

फिलिपा हसली. "बरं, ऐक. माणूस अंदाजाने आकडा लिहायला लागला की त्याचा हात शून्यावर नाहीतर पाचावर थांबतो. साडेतीन, चार, म्हणजे ३.५, ४.०, असं. खरंच मोजलं असेल तर शेवटचा अंक कुठलाही येतो. म्हणजे शंभरात वीस वेळा शून्य किंवा पाच यावेत, थोडं इकडेतिकडे."

"आणि जास्त आले तर?"

"तर तो गृहस्थ अंथरुणात पडून पाऊस मोजत होता."

"आमच्यात तसा कुणी नाही."

"बघू की. मुलांच्या नोंदी मी घेतेच, त्यांच्यावर शिक्षक असायचे. प्रश्न तुमच्या मंडळींचा आहे. तुम्हाला वगळलं तर वर्षातले पावणेदोनशे दिवस गळतात. मग वर्षाची बेरीजच होत नाही. तसली फाटकी मालिका संग्रहाला नको."

"मग वह्यांचं काय?"

फिलिपाने खिडकीबाहेर बोट केलं. आवारात रद्दीचा मोठा लोखंडी डबा येऊन उभा होता.

ग्लेनिसने खुर्ची पुढे ओढली. "लिहून घे. माझ्या यादीत खोटं लिहिणारा एकही माणूस नाही. खाली सही करते हवं तर."

नोंद करणाऱ्याने शेजारी आद्याक्षरं लिहायची अशी पद्धत होती, त्यामुळे प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघत होता. फिलिपा अक्षरं वाचायची आणि आकडा येईपर्यंत ग्लेनिस माणूस सांगायची.

"एच. बी."

"हेडन बर्टविसल. दूधवाला. चाळीस वर्षं पहाटे चारला उठायचा. नऊ वाजता त्याची निम्मी दुपार झालेली असायची."

"एकोणीस टक्के. ठीक. सी. पी.?"

"क्लॅरिस पोलार्ड. जहाजावर बिनतारी यंत्रावर होती. सहा वर्षं समुद्रात, मग इथल्या पोस्टात. पावसाची नोंद चुकली तर तिला रात्री झोप यायची नाही."

"एकवीस. जे. डी.?"

"जेथ्रो डकवर्थ. अंत्यविधीचं दुकान. शवपेटीची गाडी फाटकाशी उभी करून आत यायचा. म्हणायचा, आतल्या गिऱ्हाइकाला घाई नाही."

फिलिपाला हसू आवरेना. "वीस टक्के. नेमके वीस! एम. आर.?"

"मॉर्टिमर रॅम्सडेन. हा तुझ्या फलकावरचा. लीड्सला न्यायाधीश होता. नाताळात आईकडे यायचा, तेव्हा पंचवीस डिसेंबर त्याचाच. बाकीचे म्हणायचे, बरं झालं, आम्हाला जेवायला उशीर नको."

"अठरा."

अशी एकतीस माणसं झाली. एक न्हावी, एक दाताचा डॉक्टर, क्रेन चालवणारी एक बाई, ऑपेरात मागच्या रांगेत गाणारी एक. कुणीही बावीसच्या वर गेलं नाही. ग्लेनिसने चहा केला. दुसरा घोट घेताना तिने पाहिलं, की फिलिपा एकच रकाना पुन्हा पुन्हा वर-खाली सरकवते आहे.

"डब्ल्यू. एस.," फिलिपा म्हणाली.

"विल्फ्रेड सटक्लिफ. मार्केट स्ट्रीटवरचा औषधवाला. बहात्तर ते एक्याण्णव, दर रविवारी. किती?"

"शंभर."

"शंभर काय?"

"शंभरात शंभर. पाऊस पडलेले पाचशे चौदा रविवार, आणि झाडून सगळे शून्यावर नाहीतर पाचावर."

ग्लेनिसने कप खाली ठेवला. जवळपास दुसरं मापक एकच, धरणावरचं, आणि तेही दोन हजार दोन साली बसवलेलं. त्या एकोणीस वर्षांचा पाऊस ताडून बघायला पंचक्रोशीत दुसरी वही नव्हती.

"तुला वाईट वाटेल," फिलिपा म्हणाली, "पण एका माणसाने एकोणीस वर्षं थापा मारल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही, तर बाकीच्यांची हमी मी कोणत्या तोंडाने देऊ? संग्रहवाले पहिला प्रश्न हाच विचारतील."

ग्लेनिस स्क्रीनकडे बघत राहिली. आपण सही करायला निघालो होतो, हे तिला आठवत होतं. पण तिला भीती वाटली नाही. तो आकडाच तिला पटत नव्हता.

"बसमध्ये बिनतिकिटाची पोरं असतात ना," ती सावकाश म्हणाली, "त्यांतला थापाड्या रोज नवं कारण आणतो. आज पाकीट हरवलं, उद्या आजी आजारी. अंदाजाने लिहिणारासुद्धा मधूनच एखादा सात टाकतो, खरं वाटावं म्हणून. पाचशे चौदा वेळा एकदाही हात घसरत नाही? हे माणसाचं काम नाही, फिलिपा. हे कसल्यातरी वस्तूचं काम आहे."

फिलिपाने तिच्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला आणि कोट उचलला. "जिवंत आहे का तो?"

विल्फ सटक्लिफ शहाऐंशी वर्षांचे होते आणि आपल्या जुन्या दुकानाच्या वरच राहत. खाली आता मोबाइलची कव्हरं विकत. दोघींचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कानांपासून लाल व्हायला मात्र मध्येच सुरुवात झाली होती.

"थापा?" ते म्हणाले. "मी? अख्ख्या गावाला चाळीस वर्षं थेंब मोजून औषधं दिली, पोरी. एक माणूस दगावला नाही."

"तसं नाही म्हणत आम्ही, मिस्टर सटक्लिफ," ग्लेनिस म्हणाली. "मोजायचात कशाने, तेवढं सांगा."

"माझ्या काचेने."

"शाळेच्या का नाही?"

"शाळेची काच कपाटात. कपाट कुलपात. रविवारी किल्ली कुणाकडे? आर्नल्ड बूथकडे." शाळेच्या या रखवालदाराचं नाव त्यांनी कडू गोळी थुंकावी तसं उच्चारलं. "एकाहत्तरच्या भाजीपाला-प्रदर्शनात माझ्या परसातल्या लीकच्या भाजीला पहिलं बक्षीस मिळालं. हा सगळ्या तंबूत सांगत फिरला, की मी तिला दुकानातलं टॉनिक पाजतो. त्याच्या दारात किल्ली मागायला जाऊ?"

"मग पुढे कधी बोललाच नाहीत?"

"अंत्ययात्रेला गेलो होतो त्याच्या. तिथेही नाही बोललो."

ते उठले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, मुरंब्याच्या बरण्यांमागे, चाचपडू लागले. परत आले तेव्हा हातात एक उंच, अरुंद पात्र होतं. काचेवर हिऱ्याच्या टोकाने ओढलेल्या बारीक रेघा होत्या, सारख्या अंतरावर.

"मापकाचं तोंड पाच इंचांचं. अर्धा मिलिमीटर पाऊस म्हणजे सहा ग्रॅम आणि वर एक तृतीयांश पाणी. औषधाच्या तराजूवर तोलून एकेक रेघ ओढली आहे. तीन संध्याकाळी गेल्या."

फिलिपाने काच उजेडात धरली. "म्हणजे रेघा अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या. आणि पाणी दोन रेघांच्या मध्ये आलं तर?"

"जवळची रेघ लिहायची. अंदाज मी औषधात कधी केला नाही. पावसात का करू?"

"कुणाला सांगितलं का नाहीत हे?"

"कुणी विचारलं का?"

ग्लेनिसला मोठ्याने हसू आलं. फिलिपा हसली नाही. काच हातात फिरवत ती म्हणाली, "मला पटतंय. पण संग्रहवाल्यांना गोष्ट सांगून भागणार नाही. ही काच बरोबर आहे आणि तुम्ही ती बरोबर वाचता, हे आकड्यात दाखवावं लागेल. या काचेने चूक पाव मिलिमीटरच्या आत राहायला हवी. राहिली, तर काचेची टीप जोडून रविवार घेते, आणि रविवारांबरोबर बाकीचे सगळे. एकदा जरी बाहेर गेली, तर माझा नाइलाज आहे."

"घे परीक्षा," विल्फ म्हणाले आणि टोपी शोधू लागले.

दुपारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फिलिपाने आडोशाला फळा उभा केला. त्याच्यामागे ती दर वेळी वेगळं पाणी तोलायची, वजन आपल्या कागदावर लिहायची आणि पाणी पर्जन्यमापकाच्या बाटलीत ओतून बाटली पुढे सरकवायची. विल्फ ती आपल्या काचेत रिकामी करायचे, काच खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे, गुडघे वाकवून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचे आणि आकडा सांगायचे. ग्लेनिस तो पेन्सिलने लिहायची. दोन्ही कागद शेवटीच एकत्र बघायचे, असं ठरलं होतं.

"तीन."

"साडेसात."

"पाच. फळ्यामागे खिदळू नकोस, हात हलतो तुझा."

"मी नाही, मिस्टर सटक्लिफ, ग्लेनिस हसतेय."

नवव्या बाटलीला ते बराच वेळ वाकून राहिले. पाणी दोन रेघांच्या जवळजवळ मधोमध थांबलं होतं, हे ग्लेनिसला तिच्या जागेवरूनही दिसत होतं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. ग्लेनिसला वाटलं, आता खुर्ची द्यावी. पण ती हलली नाही.

"अडीच," ते म्हणाले. "पावणेतीनला पोचलेलं नाही. जवळ आहे, पण पोचलेलं नाही."

दहावी बाटली सरळ होती. सहा.

फिलिपा फळ्यामागून बाहेर आली. तिने आपला कागद ग्लेनिसच्या कागदाशेजारी ठेवला आणि प्रत्येक ओळीची वजाबाकी केली. मग ग्लेनिसकडून पेन्सिल घेऊन सगळ्या वजाबाक्या पहिल्यापासून पुन्हा तपासल्या आणि खाली एक ओळ लिहिली.

मोजण्या दहा. मर्यादा ०.२५. सर्वांत मोठा फरक, नववी मोजणी: ०.२३ मिलिमीटर.